मोजूनमापून जगणारे काका

कोपरपासून कसाऱ्यापर्यंत माझ्या जाऊबाईंच्या वडिलांइतका मोजूनमापून जगणारा माणूस दुसरा सापडायचा नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. जावेच्या वडिलांना काय म्हणायचं ते आपल्याकडे कुणी ठरवून ठेवलेलं नाही, म्हणून मी त्यांना काका म्हणते. काकांनी उभी हयात कल्याणला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून काढली. औषधं खोक्यातून आणि चकचकीत पाकिटांतून यायला लागायच्या आधीचा तो काळ. तेव्हा लाल-गुलाबी मिक्श्चर कंपाउंडर स्वतः ढवळायचा आणि बाटलीला कागदाची दातेरी पट्टी चिकटवून एका वेळचा डोस किती ते दाखवायचा. काकांची पट्टी इतकी काटेकोर असायची की शेवटचा डोस घेतल्यावर बाटलीत थेंब उरत नसे आणि कमीही पडत नसे, असं काकू सांगतात. काकू सहसा नवऱ्याचं कौतुक करत नाहीत, म्हणून ते खरं असणार.

दवाखाना सुटला पण माप सुटलं नाही. काकांच्या घरी चहाची साखर काकूंनी आजवर एकदाही टाकलेली नाही, कारण काका चमचा डोळ्यांच्या रेषेत आडवा धरून त्यावरचा डोंगर बोटाने सपाट करतात आणि मगच ती पातेल्यात पडते. बाजारात भाजीवाली तराजू उचलते तेव्हा ते भाजीकडे न बघता काट्याकडे बघतात. एकदा तर त्यांनी एका भाजीवालीला अगदी काळजीच्या सुरात विचारलं होतं, "बाई, तुमचा काटा डावीकडे कलतोय, त्याला बरं नाही का?" तिने उत्तरादाखल काय म्हटलं ते काकूंनी मला सांगितलं आहे, पण ते इथे लिहिता येणार नाही. देवाधर्माच्या बाबतीत काका उदासीन. फक्त सत्यनारायणाच्या प्रसादाबद्दल त्यांना फार आदर आहे. "सव्वा वाटी रवा, सव्वा वाटी तूप, सव्वा वाटी साखर. बघ, ज्याने कुणी हे लिहिलं तो कंपाउंडर असणार," असं ते दर पूजेला म्हणतात.

असा माणूस निवृत्त झाला की त्याचं काय व्हावं? मोजायला काही उरलं नाही म्हणून काका वर्षभर घरात नुसते फिरत होते. गॅलरीच्या फरशा मोजून झाल्या, जिन्याच्या पायऱ्या मोजून झाल्या. मग माझ्या पुतणीने, म्हणजे त्यांच्या नातीने, त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुणी परदेशी बाई सिमेंटमध्ये काहीबाही कालवून बागेतल्या कुंड्या बनवत होती. दगडासारख्या दिसणाऱ्या, पण हलक्या. हायपरटुफा म्हणतात त्याला. काकांनी त्या व्हिडिओतल्या कुंडीकडे ढुंकून पाहिलं नाही. त्यांनी फक्त माप ऐकलं. सिमेंट एक भाग, कोकोपीट दीड भाग, परलाइट दीड भाग. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि परलाइट म्हणजे पांढरे, फुगलेले, वजन नसलेले खडे, दोन्ही नर्सरीत मिळतात. "हे तर मिक्श्चर आहे!" काका म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांच्या बिल्डिंगची गच्ची हा पुन्हा एकदा दवाखाना झाला.

कोपरला त्यांची चार मजली जुनी इमारत आहे. गच्चीवर पूर्वी पापड वाळत, आता कुंड्या वाळतात. साचे म्हणून श्रीखंडाचे डबे, आइस्क्रीमचे डबे, कोळणीकडून मागून आणलेली थर्माकोलची खोकी. नाकावर फडकं, हातात रबरी मोजे, समोर घमेलं. सगळं कोरडं कालवून झालं की मग पाणी, तेही एकदम नाही. मिश्रणाची मूठ वळायची आणि दाबायची. बोटांच्या फटीतून दोन थेंब आले पाहिजेत. एकही आला नाही तर पाणी कमी, तिसरा आला तर जास्त. मग ते साच्यात थापायचं, वरून प्लॅस्टिक गुंडाळायचं, दोन दिवसांनी साच्यातून काढून तारेच्या ब्रशने घासायचं, पुन्हा प्लॅस्टिकमध्ये तीन आठवडे. सिमेंट वाळत नाही, मुरतं, असं काकांचं म्हणणं. घाई केली की ते वरून धट्टंकट्टं दिसतं आणि आतून भुसभुशीत राहतं. तीन आठवड्यांनंतर नऊ दिवस पाण्यात, रोज पाणी बदलून, म्हणजे आतला चुना निघून जातो. नाहीतर झाडाची मुळं जळतात.

चुना गेला की नाही हे ओळखायची काकांची रीत तर कुठल्याच व्हिडिओत नाही. टीपकागदाला हळदीचं पाणी लावून, तो वाळवून त्याच्या पट्ट्या कापायच्या आणि कुंडीच्या पाण्यात बुडवायच्या. हळदीला चुना लागला की कुंकू होतं हे आपल्या आज्यांना माहीत होतं, काकांनी ते कुंडीला लावलं. पट्टी लाल झाली तर कुंडी परत पाण्यात. पिवळीची पिवळी राहिली तरच कुंडी घराबाहेर पडणार. आणि पडणार म्हणजे नांदायला जाणार. काका कुंड्या विकत नाहीत, देतात, आणि महिन्याभराने त्या घरी जाऊन बघून येतात. कुंडीला कान लावून बोटाच्या पेराने टकटक करतात, डॉक्टर छाती वाजवून बघतात तसं, आणि घरच्या माणसांना म्हणतात, "प्रकृती उत्तम आहे." लोक हसतात. काका हसत नाहीत.

मी घोडबंदर रोडला राहते. सत्तावीस मजल्यांचा टॉवर, खाली स्विमिंग पूल, आणि ऑफिस असं की सुट्टीच्या दिवशीही लॅपटॉप उघडा. डोकं फुटायची वेळ आली तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "अगं, बाबांकडे जात जा ना रविवारची. माती कालवलीस की बरं वाटेल." म्हणून मी जायला लागले. पहिले दोन रविवार काकांनी मला साच्याला हात लावू दिला नाही, नुसत्या मुठी वळायला लावल्या. "तीन थेंब," ते म्हणायचे. मी पुन्हा वळायचे. "आता एकही नाही." तिसऱ्या रविवारी माझ्या बोटांतून बरोब्बर दोन थेंब पडले तेव्हा काकांनी गच्चीच्या कठड्यावरून खाली वाकून काकूंना हाक मारली, "अगं, जमलं हिला!" मला ऑफिसात बढती मिळाली होती तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं. इथवर सगळं छान आहे. यापुढचं लिहिताना माझं मलाच तोंड लपवावंसं वाटतं.

डिसेंबरात माझ्या डोक्यात आलं की यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे लुटायचे नाहीत, आपल्या हाताने बनवलेली कुंडी द्यायची. एकवीस बायका, एकवीस कुंड्या. काकांना सांगितलं तर त्यांना गगन ठेंगणं झालं. त्यांनी लगेच कॅलेंडर काढलं, एकवीस आणि नऊ तीस आणि साच्यातले दोन मिळून बत्तीस दिवस मागे मोजले आणि एका तारखेवर पेन्सिलने खूण केली. "या तारखेला घमेलं निघालं पाहिजे. आपल्याकडे रथसप्तमीपर्यंत करतात, पण आपण कशाला शेवटची घटका गाठायची?" मी हो म्हटलं. सिमेंट आणलं, कोकोपीट आणलं, परलाइट आणलं आणि सगळं गेस्ट रूमच्या पलंगाखाली ढकललं.

ती तारीख आली आणि गेली. ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. काकांचा फोन आला, "घातल्यास का कुंड्या?" मी मीटिंगमध्ये होते. समजावून सांगायला वेळ नव्हता, शिवाय लाजही वाटली, म्हणून म्हटलं, "हो काका, घातल्या." एवढंच. दोन शब्दांचं खोटं, तेही घाईत. पण काका मोजणारे. पुढच्या रविवारी फोन, "किती दिवस झाले प्लॅस्टिकमध्ये?" मी मनात हिशेब करून म्हटलं, "आठ." त्याच्या पुढच्या रविवारी पंधरा झाले. मग पाण्यात घातल्या. मग पाणी बदललं. पलंगाखाली सिमेंटची पिशवी शिवलेलीच आणि फोनवर मी नसलेल्या कुंड्यांचं बाळंतपण करत होते. जाऊबाईंनी मला नंतर सांगितलं की काका माझ्या कुंड्यांचे दिवस आपल्या कॅलेंडरवर रोज एकेक फुली मारून मोजत होते.

खरोखरीच्या कुंड्या मी हळदीकुंकवाच्या नऊ दिवस आधी घातल्या. पाचव्या दिवशी प्लॅस्टिक काढलं, बाल्कनीतल्या उन्हात ठेवल्या, एकेक नळाखाली धरून धुतली, नर्सरीतून आणलेली झाडं लावली. दिसायला दृष्ट लागाव्या अशा झाल्या होत्या. बायकांनी डोक्यावर घेतल्या. "हॅण्डमेड? तू केल्यास? स्वतः?" मी नुसती हसत होते. कुणाकडून शिकले ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. हळदीची पट्टी एकाही कुंडीच्या पाण्यात बुडवली नव्हती. घरात त्या दिवशी हळद मात्र वाटीभर होती.

तीन आठवड्यांत सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर फोटो यायला लागले. पानांच्या कडा करपलेल्या. मग अख्खी झाडं. मी प्रत्येकीला "पाणी जास्त झालं असेल गं" असं लिहीत सुटले. आणि त्याच सुमारास, ठरल्याप्रमाणे, काका-काकू माझ्या कुंड्या कशा नांदताहेत ते बघायला कोपरहून घोडबंदरला आले. काकांनी शर्टाच्या खिशात हळदीच्या पट्ट्या आणल्या होत्या. मी त्यांना सोफ्यावर बसवून पोहे देत होते, आणि शेजारपाजारी कुंड्या बघायला न्यायचं कसं टाळावं याचा विचार करत होते. तेवढ्यात बेल वाजली.

दारात सोळाव्या मजल्यावरच्या मॅडम. त्यांच्या एका हातात कुंडीचं वरचं कडं होतं आणि दुसऱ्या हातात कुंडीचा तळ.

"अगं, काय गं हे? मी उचलली तर खालचं खालीच राहिलं. सगळी माती कार्पेटवर. आणि झाड तर आधीच मेलं होतं. ग्रुपवर सगळ्यांचं तेच चाललंय. काय घातलं होतंस यात?"

माझ्यापुढे खरं सांगायची वाट होती. एक वाक्य लागलं असतं. मी सोफ्याकडे हात केला आणि म्हटलं, "काकांनी दिलेलं माप होतं. तेच काहीतरी चुकलं असणार."

पोह्याची बशी काकांच्या हातात होती. त्यांनी ती हळूच टीपॉयवर ठेवली. उठले, मॅडमच्या हातून ते दोन तुकडे घेतले, अंगठ्याने तुटलेली कड चोळली. भुकटी निघाली. "असेल," ते म्हणाले. "माझंच चुकलं असेल, ताई. तुमचं कार्पेट खराब झालं, माफ करा." आणि त्यांनी हात जोडले. त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान बाईला, माझ्या घरात, माझ्या खोट्यासाठी. काकू माझ्याकडे बघत होत्या. पोहे त्यांनी पुढे खाल्ले नाहीत.

निघताना काकांनी ते तुकडे वर्तमानपत्रात बांधून पिशवीत घातले. लिफ्टपाशी विचारलं, "नऊ दिवस पाण्यात होत्या ना?" मी म्हटलं, "हो काका." हे शेवटचं खोटं सगळ्यांत सोपं गेलं, आणि त्याचीच मला सगळ्यांत जास्त लाज वाटते.

त्यानंतर मी कोपरला गेले नाही. रविवारचा फोनही येईनासा झाला, आणि मला, खरं सांगते, आधी सुटल्यासारखं वाटलं. चैत्रात जाऊबाईंचा फोन आला. "बाबांचं काही खरं नाही गं. नीट जेवत पण नाहीत. कुणाला कुंडी देत नाहीत, दिलेल्या होत्या त्यापण घरोघर जाऊन परत मागतायत. आणि काल काय केलं माहितीये? कल्याणला गेलेले. दवाखान्यातले जुने पेशंट शोधत. एकेकाच्या दारात उभं राहून विचारतात, तुम्ही बरे आहात ना? माझ्या औषधाने काही त्रास तर झाला नव्हता ना? एकाच्या सुनेला वाटलं, हे विम्याचे एजंट आहेत. तिने दार लावून घेतलं."

मी विचारलं, "पण का?"

"का म्हणजे? माप चुकलं म्हणे माझं. आत्ता चुकलं तर तेव्हाही चुकलं असेल, हेच सारखं धरून बसलेत. एका लहान मुलीला तापात दिलेलं औषध आठवत राहतात. ती मुलगी आता कुठे असते तेच कुणाला माहीत नाही."

मी ऑफिसात काहीतरी थाप मारली, ती आयुष्यातली निदान एक तरी उपयोगी थाप असेल, आणि भर दुपारी कोपर गाठलं. काकूंनी दार उघडलं, मला पाहिलं आणि नुसतं बोट वर केलं. गच्चीवर.

गच्चीवर काका फडकं बांधून उन्हात बसले होते. समोर आठ कुंड्या ओळीने, प्रत्येकीवर नंबर. प्रत्येकीपुढे हळदीची एकेक पट्टी, आठही पिवळ्याधमक. बाजूला माझ्या त्या फुटक्या कुंडीचे तुकडे पाण्याच्या वाडग्यात, आणि त्यापुढची पट्टी लालभडक. बत्तीस दिवसांचा एकेक डोस पुरा करून त्यांनी आपली चूक आठ वेळा शोधली होती आणि ती आठही वेळा सापडली नव्हती.

"ये," ते म्हणाले. रागाचा सूरही नाही. "बघ बरं तुला दिसतंय का काही. माप तेच. सिमेंट त्याच दुकानातलं. हात मीच शिकवलेला. मुरवली तीन आठवडे, धुतली नऊ दिवस. आणि तरी एवढा चुना? कुठेतरी मी तुला चुकीचं सांगितलं, आणि काय सांगितलं तेच आठवत नाहीये. वय झालं की असं होतं का गं?"

एकच शक्यता उरली होती. ती लहान पोरालाही सुचली असती. काकांना सुचली नव्हती, कारण त्यासाठी आधी मला खोटारडी म्हणावं लागलं असतं.

"काका, मी धुतल्याच नव्हत्या," मी म्हटलं. "मुरवल्यापण नव्हत्या. पाचव्या दिवशी बाहेर काढल्या. तुमचे फोन यायचे तेव्हा कुंड्या घातलेल्याच नव्हत्या. मी सगळं खोटं सांगत होते. त्या दिवशी मॅडमपुढेही."

काकांनी नाकावरचं फडकं खाली ओढलं. मी त्यांच्या रागाची तयारी करून आले होते. वाटभर रिक्षात मी त्यांच्या तोंडी चांगली कडक वाक्यं घालून पाहिली होती आणि प्रत्येक वाक्याला मान खाली घालायची तालीम केली होती.

"पाचव्या दिवशी?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि पाणी?"

"एकदा नळाखाली धरल्या. तेवढंच."

ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले. मग अगदी जपून, घाबरत विचारावं तसं त्यांनी विचारलं, "म्हणजे माप बरोबर होतं?"

"बरोबरच होतं, काका."

"सिमेंट एक, दीड, दीड?"

"तेच घातलं होतं. मापात काही चूक नव्हती."

काका उठले. गुडघ्यांवर हात ठेवून उठावं लागतं त्यांना, तसे नाही, एकदम उठले. जिन्याच्या दारापाशी गेले आणि खाली तोंड करून ओरडले, "अगं, ऐकलंस का? माप बरोबर होतं! बरोबर होतं माझं माप!" खालून काकूंचा आवाज आला, "मग मी इतके दिवस काय सांगत होते?" त्यांच्या आवाजात रडू होतं. इतके दिवस संशय असूनही त्यांनी माझं नाव का घेतलं नसेल, तेव्हा मला कळलं नाही. पुढेही मी विचारलं नाही.

काका परत आले. डोळे पुसत होते, सिमेंटचाच हात, म्हणून मी माझा रुमाल पुढे केला. त्यांनी तो घेतला. मी म्हटलं, "काका, मला माफ करा." ते त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते आठ कुंड्यांकडे बघत होते, त्यांतली एकही वाया गेलेली नव्हती. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बरं झालं बाई सांगितलंस," ते म्हणाले. "एवढ्या लांबून, एवढ्या उन्हात आलीस. थँक्यू हं."